विहीणबाईंचा मुक्काम

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पवनीत किराणा दुकान चालवणाऱ्या देवाजींच्या घरी त्यांची सून गुलाब पाटावर बसली होती. तिला सातवा महिना होता. तिची ओटी भरायला दिघोरीहून आलेली तिची आई ताराबाई हिच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट सुटलं. ताट सुटलं, असं ताराबाई पुढेही सांगत राहिली. खोलीत बसलेल्या पाच बायांनी मात्र तिनं ते फेकलं, असं सांगितलं. तांदूळ भिंतीपर्यंत उडाले, नारळ उंबऱ्याशी जाऊन थांबला आणि कुंकू गुलाबच्या दोन्ही पावलांवर सांडलं.

त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत ताराबाई जे बोलली ते तिला आठवत नाही, ते तिला नंतर ऐकवण्यात आलं. घामानं तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं, जीभ जड झाली होती, आणि विहिणीकडे, विमलाबाईंकडे, बोट करून ती म्हणाली होती, "तू माह्या पोरीले उपाशी मारून राहिली. तुह्या घरी कुत्रंही जेवनार नाई."

मग ती बसल्या जागी कलंडली.

गुलाब पोटाला हात लावत उठली. चुलीजवळच्या डब्यातून तिनं गुळाचा खडा आणला, आईचा जबडा बोटांनी उघडला आणि गूळ गालाच्या आत दाबून धरला. पाव तासानं ताराबाईनं डोळे उघडले, तेव्हा समोर विमलाबाई उभ्या होत्या.

"उतरलं का अंगातलं?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणूनच तो अधिक लागला. "माह्या घरच्या पहिल्या नातवाची ओटी होती, ईनबाई. मले तुमी काय म्हनलं ते राहू द्या. मी सासू हाव, सासूले कोनीही बोलते. पन ज्या बाईचं डोस्कं असं फिरते तिच्या घरी मी बारंतपनाले सून धाडत नाई. सांगून ठेवलं."

"आत्याबाई, मायले ते..." गुलाब बोलू लागली.

ताराबाईनं लेकीकडे पाहिलं. पावणेदोन वर्षांपूर्वी, लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागलेल्या अंगानं ज्या लेकीनं तिला शेवटची सुई टोचली होती आणि जिच्याकडून तिनं सासरी काही न सांगण्याचं देवासमोर वचन घेतलं होतं, त्याच लेकीकडे तिनं तशाच नजरेनं पाहिलं... आणि गुलाबनं उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

ताराबाईला मधुमेह होता. हे दिघोरीत चार माणसांना ठाऊक होतं, पवनीत फक्त गुलाबला.

रोग १९७६ साली कळला. आधी दोन-अडीच वर्षं गोळ्या झाल्या. त्या घेतल्या की पोटात ढवळायचं, तोंडाला धातूची चव यायची, आणि एवढं सोसून साखर काही हटत नव्हती. मार्च १९७९ मध्ये भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळायची, ओल्या वाळूच्या गाडग्यात गार ठेवलेली बाटली काढायची, मांडीत टोचायचं. महिना-दोन महिन्यांनी मांडीवर खळगे दिसू लागले, जणू कुणी चमच्यानं मांस खरवडून नेलं आहे. औषधानं काहींना असं होतं, जागा बदलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. बदलायला जागा किती असणार? दोन मांड्या, दोन दंड, पोट. घरात बारा खंडी धान यायचं आणि घरधनिणीला दुपारी एक वाटी भाताची परवानगी होती. वरून गावचे सल्ले. कुणी कारल्याचा रस सांगे, कुणी जांभळाच्या बिया, कुणी म्हणे अनवाणी दवात चाला. ताराबाईनं सगळं केलं. रोज सकाळी निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब घालून नळी दिव्यावर तापवायची आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर बरं, विटेसारखा लाल झाला तर वाईट. पाच वर्षांत निळा रंग तिनं बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिला होता.

गुलाबची सोयरीक मे १९७९ मध्ये झाली. बैठकीत देवाजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, "घरात कोनाले काही बिमारी?" ताराबाईचा नवरा सुखराम पटकन म्हणाला होता, "आमच्या घरी बिमार पडाले टाइम कोनाले हाय?" सगळी बैठक हसली. प्रश्न तिथंच संपला. सुखरामला वाटलं आपण सांभाळून नेलं. आता खरं सांगायचं म्हणजे नवरा खोटं बोलला हे सांगायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे मायची बिमारी लेकीच्या रक्तात आली असेल, नातवाच्याही येईल, हा संशय देवाजींच्या घरात कायमचा पेरून द्यायचा. लोकांनी आपल्याला झपाटलेली म्हणावं हे ताराबाईला परवडत होतं. गुलाबला कुणी रोगट म्हणावं, हे नव्हतं.

त्या गुरुवारी नेमकं काय चुकलं, हे तिनं परतीच्या एस.टी.त पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं.

सहाला सुई घेतली, अठ्ठावीस युनिट. त्यावर अर्धी भाकर. पावणेसातची गाडी. सुईनं साखर उतरत जाते, म्हणून दहाच्या आत पुन्हा खाल्लंच पाहिजे, नाहीतर घाम, थरथर, बरळणं आणि बेशुद्धी. या प्रकाराला डॉक्टर झटका म्हणत. त्यासाठी तिनं फडक्यात दोन भाकरी आणि लाखोरीची डाळ बांधून घेतली होती. साडेनऊला पवनीच्या स्टँडवर उतरायचं, तिथंच बाकावर बसून खायचं आणि मग लेकीच्या घरी जायचं. कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही आईबापाला चालत नाही. ताराबाईच्या आईनं ते पाळलं होतं, तिच्या आजीनं पाळलं होतं.

वाटेत गाडीचं चाक बसलं. पवनीला पोचायला दहा पंचवीस झाले. स्टँडवर जावई घनश्याम सायकल घेऊन हजर होते. "चला मामी, बाया खोळंबल्या," म्हणून त्यांनी शिदोरीचं गाठोडं हँडलला अडकवलंसुद्धा. घरी गेल्यावर विमलाबाईंनी पोहे पुढे केले. ते चालत नव्हते. शिदोरी समोर खुंटीवर लटकत होती, पण व्याह्यांच्या माजघरात बसून स्वतःची भाकर सोडायची म्हणजे तुमचं अन्न आमच्या लायकीचं नाही असं तोंडावर सांगणं. त्यांचं खाता येत नव्हतं, आपलं खाता येत नव्हतं. सव्वाअकराला बोटं थरथरू लागली. तिला कळलं होतं. अजून थोडं, ओटी भरली की निघू, असं ती स्वतःला सांगत राहिली... आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ताट सुटलं.

"मंग सांगून टाकू," सुखराम त्या संध्याकाळी गोठ्यात म्हणाला. "माह्याच तोंडानं सांगतो. देवाजीचे पाय धरतो."

"आन मंग?"

"मंग काय? चार शिव्या देईल."

"शिव्या तुमाले देईल. पोरीले काय देईल ते सांगा."

सुखराम गुरांपुढे तणस टाकत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी माही जीभ झडून पडली असती तं बरं झालं असतं."

"तेवढा टाइम कोनाले हाय तुमच्या घरी," ताराबाई म्हणाली. दोघंही हसली नाहीत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घनश्यामचं पोस्टकार्ड आलं. आई ऐकत नाही, पण तिनं एक तोड काढली आहे, असा मजकूर होता. होळी झाली की रविवारी, २२ तारखेला, ती स्वतः दिघोरीला येईल. तीन दिवस राहील. घर पाहील, मामींना पाहील. तिचं समाधान झालं तर चैत्रात गुलाबला पाठवू.

ताराबाईनं कार्ड तीनदा वाचून घेतलं. माहेरी येऊन बाळंत होणं म्हणजे काय असतं ते तिला माहीत होतं. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं, कारण तिची आई आधीच गेली होती. कळा चालू असताना चुलीवरचं पाणी तिनंच उतरवलं होतं, आणि ते मूल जगलं नव्हतं. गुलाबच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढंच तिला आता जगाकडून हवं होतं, बाकी सगळ्या मागण्या तिनं केव्हाच सोडून दिल्या होत्या.

शनिवारी तिनं पिचकारी, स्पिरिटचा दिवा, निळ्या औषधाची बाटली आणि परीक्षानळी फडक्यात बांधून धानाच्या कणगीमागे ठेवली.

"सुई कशी घेशील?" सुखरामनं विचारलं.

"नाई घेत."

"डाक्टरनं काय सांगतलं होतं? एक दिवसही..."

"डाक्टरच्या पोरीचं बारंतपन नोहे. सुई घेतली तं पिचकारी उकरावं लागते, ते दिसते. आन सुई घेतली आन झटका आला तं मंग सगरंच दिसते. पवनीहून आल्यावर दोनदा आला, तुमी पायलं. तीन दिवसानं कोनी मरत नाई."

सुखराम कणगीवरचं झाकण सारखं करत बसला. त्या दिवशी ताराबाईला त्याचा फार राग आला. सुई रोगाचं औषध, पण सुईनंच झटका येणार. झटक्यावर साखर खायची, पण साखरच विष. दोन वर्षं ती या घाण्याला फिरत होती आणि या माणसानं एकदाही ठामपणे हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

विमलाबाई रविवारी दुपारी आल्या. सोबत रव्याच्या लाडवांचा डबा होता. मुलाच्या आईला मुलीच्या घरी खाण्यापिण्याची आडकाठी नसते. त्या जेवल्या, पान खाल्लं, आणि घराची पाहणी सुरू केली. बाळंतिणीची खोली कुठली, वारा कुठून येतो, दाई किती लांब राहते, गाईचं दूध किती. ताराबाई मागोमाग उत्तरं देत होती. सुई न घेतल्यानं झटक्याची भीती नव्हती. हात स्थिर होते, बोलणं नीट होतं. तिसऱ्या दिवशी विमलाबाई म्हणाल्या, "मले तं तुमी चांगल्या दिसता, ईनबाई. पवनीले काय झालं होतं?"

"उन्हाचं झालं असंल."

"फेब्रुवारीत?"

ताराबाई चुलीकडे वळली. बुधवारी सकाळी विमलाबाईंची गाडी होती. त्या पाटावर बसून म्हणाल्या, "गंज दिवसानं मले कोनी आयतं ताट वाढून राहिलं. घरी गेली का दुकान आन चूल. राहू का अजून दोन दिवस?"

"राहा ना," ताराबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दोन दिवसांचे पाच झाले, पाचाचे सात. विमलाबाईंना दिघोरी आवडली. तलावावरची हवा आवडली, शेजारणी आवडल्या, आणि सगळ्यात जास्त ताराबाई आवडली. दोघी पहाटे मोहफुलं वेचायला जाऊ लागल्या. विमलाबाईंनी आपल्या सासूच्या गोष्टी सांगितल्या. देवाजी घोरतात त्याची नक्कल केली. "दुकानातल्या उंदराईनंही गाव सोडलं, बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि ताराबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी या दोन बाया एकमेकींशी कधी धड बोलल्या नव्हत्या. आता बोलत होत्या, आणि त्या बोलण्याचा प्रत्येक दिवस ताराबाईला आतून पोखरत होता. माया जुळत होती, म्हणून पाहुणी जात नव्हती. पाहुणी जात नव्हती, म्हणून सुई कणगीमागे होती. असला जाच तिनं शत्रूलाही मागितला नसता.

पाहुणीबरोबर गोड खावं लागे. एक दिवस पुरणाच्या पोळ्या झाल्या, एक दिवस गूळभात. लाडू हातावर ठेवला जाई आणि समोर बसून खाववला जाई. सहाव्या दिवसापासून तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी जाई आणि तितकंच बाहेर पडे. रात्रीतून सात वेळा ती मोरीकडे जाई. अक्षरं, चेहरे, सुईचं नाक, सगळं धूसर झालं. नवव्या दिवशी, सोमवारी, मोहाखालून परतल्यावर विमलाबाईंनी ओसरीवर बोट दाखवलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे उमटले होते.

"कोनाचा पाय हा?"

ताराबाईनं आपलं पाऊल उलटं करून पाहिलं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी बोराटीचा काटा अर्धा मोडून रुतला होता.

"तुमाले लागलं नाई?"

"नाई बा."

विमलाबाईंनी काटा काढला, हळद भरून पट्टी बांधली.  काटा काढताना त्या पायाकडे न बघता ताराबाईच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि तिथं दुखल्याची एक रेघही उठली नव्हती.

बुधवार, १ एप्रिल. मुक्कामाचा अकरावा दिवस. सकाळी सात वाजता विमलाबाई मोरीतून परत आल्या आणि चुलीपुढे बसलेल्या ताराबाईला म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या मोरीत मुंग्या लागल्या."

"गूळ सांडला असंल."

"मोरीत?"

ताराबाईनं जाळ पुढे सारला.

"माह्या बापाच्या मोरीत लागत होत्या," विमलाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं मी तेथं राख टाकली. साखरेची बिमारी होती त्याले. पायाले खिळा लागला, त्याले समजलंच नाई. गुडघ्यापासून पाय कापला. दोन महिन्यात गेला." त्या खाली बसल्या. "तुमाले कधीपासून हाय?"

पाच वर्षं आवळून धरलेली गाठ त्या एका साध्या प्रश्नानं सुटली. ताराबाईनं सगळं सांगितलं. सुई, शिदोरी, पोहे, थरथर, कणगीमागचं गाठोडं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. विमलाबाई ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अकरा दिवस? मी बसली म्हून?"

"तुमी बसल्या म्हून."

"सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

विमलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काही केलं नसतं. मले कोनतं तोंड होतं? सोयरीक जमवली तवा तुमच्या मालकानं विचारलं होतं का, तुमच्याकडे बिमारी हाय का म्हून?"

"रीत हाय ना. पोरीवाल्यानं विचारावं नाई."

"नाई विचारलं. विचारलं असतं तं आमीही नाईच म्हनलं असतं. माह्या बापाचं आमी कोनाले सांगतलंच नाई. घनश्यामच्या बापालेही नाई, घनश्यामलेही नाई. पाय गाडीखाली गेला म्हनून सांगतलं."

ताराबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. समजूत पटावी, मन हलकं व्हावं, असं काही तिच्या आत झालं नाही. आधी संताप आला, आणि तो इतका आला की हातातली फुंकणी तिनं जमिनीवर आपटली.

"मंग त्या दिवशी मले झपाटलेली काहून म्हनलं? घाम पायला, थरथर पायली, पोरीनं तोंडात गूळ घातला ते पायलं. बापाची सेवा केलेली बाई तुमी. तुमाले समजलं नाई?"

"माह्या बापाले सुई नोहती. हा झटका मी कधी पायलाच नाई, ईनबाई. तुमच्या गुलाबची शपथ."

"माही पोरगी दीड महिना झाला तेथं रडून राहिली. मी अठी मरून राहिली. तुमी तेथं लपवता, मी अठी लपवतो. कोनाच्या बापाचं भलं झालं?"

 विमलाबाई उठल्या, कणगीमागे गेल्या, गाठोडं घेऊन आल्या आणि पातेल्यात पाणी चढवलं. पिचकारी फडक्यात गुंडाळून उकळायला टाकली. मग त्यांनी ताराबाईचा डावा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडली. अंगठा काळसर पडला होता. वास येत होता. ताराबाईला तो आला नव्हता, दुखलंही नव्हतं.

विमलाबाईंनी ते पाऊल छातीशी धरलं आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या. मुलाची आई मुलीच्या आईचा पाय धरून रडते आहे, हे दृश्य दारात आलेल्या सुखरामनं पाहिलं आणि काय करावं हे न सुचून तो बैल जुंपायला गेला. या वेळी त्याचं चुकलं नव्हतं. गाडी लागणारच होती.

दुसऱ्या दिवशी, २ एप्रिलला, ताराबाईला भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखल केलं. सुई दिवसातून दोनदा सुरू झाली. डॉक्टर रागावले. "अकरा दिवस? स्वतःच्या मनानं?" ताराबाई खाली मान घालून बसली. याचं उत्तर देण्यासारखी भाषा तिच्याकडे होती, पण ती डॉक्टरांना समजली नसती. गुरुवारी, ९ तारखेला, डाव्या पायाची दोन बोटं काढली.

रविवारी सकाळी विमलाबाई पवनीहून आल्या. पितळी डब्यात तांदळाच्या कण्यांची पेज होती, वर वाटीभर भाजी.

"सुई झाली?"

"आताच झाली."

"मंग खा."

ताराबाईनं डब्याकडे पाहिलं. "कोनं रांधलं?"

"तुमच्या पोरीनं. माह्या चुलीवर, माह्या तांदराचं." विमलाबाईंनी चमचा तिच्या हातात दिला. "पायता काय? नातू व्हाले अजून महिना हाय. तेवढा दम नाई निघत म्हनून देवाले मी सांगून देईन. त्या दिवशी तुमी माहे पोहे खाल्ले असते तं हे बोटं तुमच्या पायाले राहिले असते."

"आन तुमी माही शिदोरी सोडाले सांगतलं असतं तं?"

"तं तेही राहिले असते," विमलाबाई म्हणाल्या. "आता खाता का अजून भांडाचं हाय?"

ताराबाईनं पहिला चमचा तोंडात घातला. तिच्या आईनं पाळलेलं, आजीनं पाळलेलं, तिनं आजवर पाळलेलं काहीतरी त्या घासाबरोबर घशाखाली उतरलं, आणि ते उतरताना दुखलं... पायाचं कापलेलंही दुखलं नव्हतं, इतकं हे दुखलं. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. ताराबाईनं पूर्ण डबा संपवला.

"गुलाबले दिघोरीलेच नेतो," विमलाबाई डबा धुऊन आल्यावर म्हणाल्या. "घनश्यामच्या बापाले सगरं सांगतलं. माह्या बापाचंही सांगतलं. चार दिवस बोलले नाई माह्यासंग. पाचव्या दिवशी म्हनाले, मीठ कमी हाय. म्हंजे झालं."

"मी अठी हाव. दिघोरीले कोन हाय तिले?"

"मी हाव ना. तुमच्या चुलीपाशी मी बसीन. तिचं माहेर ते तिचं माहेर."

"लोक हसतील. सासू सुनेच्या माहेरी जाऊन बारंतपन करते म्हनतील."

"हसू द्या. पवनीत पाच बाया अजून तुमाले भूत लागलं म्हनून राहिल्या. त्याईले काही तरी नवं द्या बोलाले."

२० एप्रिलला गुलाब सासूबरोबर दिघोरीला आली. येताना ती आधी भंडाऱ्याला थांबली. नववा महिना लागलेली लेक खाटेशी उभी राहिली, तिनं आईच्या पायावरची चादर बाजूला केली आणि पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. "माह्यासाठी केलं ना हे?" तिनं विचारलं. "मी त्या दिवशी बोलली असती तं..."

"मीच बोलू दिलं नाई."

"तुह्यावर मले लय राग हाय, माय."

"ठेव. बारंतीन झाल्यावर काढ."

गुलाब वाकली आणि तिनं आईच्या कपाळाला कपाळ टेकवलं. वॉर्डमध्ये भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ती तशीच होती.

जखम भरली नाही. २९ एप्रिलला डॉक्टरांनी सुखरामला बाजूला घेऊन सांगितलं की पाय वरपर्यंत सडत चालला आहे. पाऊल ठेवायचं का, की घोट्याच्या वर कापायचं, हे सोमवारी, ४ मेला, पुन्हा पाहून ठरवू. ताराबाईनं हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. या वेळी तिनं त्याला सगळं बोलायला लावलं, आणि त्यानं एकही शब्द न लपवता सांगितलं.

शनिवारी, २ मेला, सकाळची दिघोरीची गाडी घेऊन आलेल्या कंडक्टरनं दवाखान्याच्या फाटकावर निरोप दिला. गुलाबला पहाटेपासून कळा आहेत. दाई आली आहे. विमलाबाई जवळ आहेत. दुपारच्या गाडीनं पुढचं कळवतो.

दुपारची गाडी साडेतीनला आली. तिच्यासोबत निरोप नव्हता. चार वाजता परिचारिकेनं ताराबाईला संध्याकाळची सुई दिली, आणि निरोपासाठी न थांबता तिनं उशाजवळची भाकर हातात घेतली.